पाठ केलेला हेल

नाट्यप्रशिक्षणासाठी प्रवेश घेतला तेव्हा महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांची चार वर्षे आणि अभिनयाची दोन पारितोषिके माझ्या गाठीशी होती, आणि पहिले वर्षभर नेमकी तीच आड आली. स्पर्धेच्या तालमीत दिग्दर्शक वाक्य म्हणून दाखवतो आणि आपण ते त्याच्याच हेलात उचलतो, त्यामुळे संहिता हाती पडताच मी शब्दांबरोबर त्यांचे चढउतारही पाठ करीत असे. एका प्रसंगात सहकलाकार मुलीने ठरलेला संताप टाळून तिचे वाक्य अगदी हळू म्हटले; मी मात्र ठरल्याप्रमाणे ओरडलो. "ती काय म्हणाली, ते ऐकलेस का?" एवढेच शिक्षकांनी विचारले. मी ऐकलेच नव्हते.

ही खोड जायला आठ महिने लागले. संवाद सपाट स्वरात, केर काढताना किंवा जिना चढताना पाठ करायचे, आणि तालमीत मात्र समोरच्याकडून मला आत्ता काय हवे आहे, एवढेच मनात ठेवायचे. मालिकेच्या सेटवर प्रसंग सकाळी हातात येतो, टेकच्या आधी वाक्ये बदलतात आणि तुमच्या क्लोजअपच्या वेळी समोरचे संवाद कधी कधी सहायक दिग्दर्शकच वाचतो. तिथे पाठ केलेला हेल हमखास दगा देतो. म्हणून स्वतः वाक्य म्हणून दाखवणाऱ्या गुरूपासून सावध राहा, मग त्याचे नाव कितीही मोठे असो. दहा दिवसांच्या शिबिरात अभिनय शिकवून मालिकेत काम देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर तिथे पैसे मुळीच भरू नका.

डॉ. श्रीराम लागू व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, मग प्रशिक्षण कशाला, असे मला अनेकांनी ऐकवले. नाट्यशाळेविना त्यांनी पुण्यातील प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये वर्षानुवर्षे हौशी रंगभूमी केली, हे सांगणारे विसरतात. रोहिणी हट्टंगडी १९५९मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून घडल्या. वाट कोणतीही असो, तेवढी वर्षे द्यावीच लागतात. पुण्याचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स यांमुळे ती मराठीतही देता येतात.

पदवी दाखवून भूमिका मिळत नाही. शिक्षण संपल्यावर मी चौदा महिने ऑडिशन देत होतो आणि त्या काळात अनेकदा सारे सोडून गावी परतावेसे वाटले. तुम्हालाही वाटेल, त्याने घाबरू नका. घरभाड्यासाठी मी संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, पण सकाळचा तासभर आवाजाचा आणि शरीराचा सराव मोडला नाही, त्यामुळे पहिले व्यावसायिक नाटक मिळाले तेव्हा सलग दोन प्रयोगांनंतरही आवाज बसला नाही.