कोपीवरच्या पोरांना जगलिंग अन् नाटक कसं शिकवायचं

सांगलीकडं साखर कारखाने सुरू झाले की बीडकडनं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं कोपीवरच, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवरच असतात. त्यांना जगलिंग, म्हणजे बॉल उडवत झेलत राहणं, शिकवायचं तर महागडं सामान नको. फुग्यात ज्वारी भरा, मुठीत मावेल एवढीच, तोंड कापा, वरनं दुसरा फुगा चढवा, झाला बॉल, पडला तरी लांब घरंगळत नाही. आधी एकच बॉल, डोळ्यांच्या उंचीवरनं या हातातनं त्या हातात. मग दोन, पहिला वर पोचला की दुसरा उडवायचा, इथं सगळी पोरं दुसरा बॉल खालनंच सरकवतात, ते सुटेपर्यंत तिसरा देऊच नका. बॉल झेलायला पुढं पळत असतील तर भिंतीकडं तोंड करून उभं करा.

एकमेकांवर चढून पिरॅमिड करताना वरच्याचा गुडघा खालच्याच्या कमरेच्या हाडावर, पाठीच्या मध्यावर कधीच नाही! अनवाणीच चढायचं, गादी नसेल तर दोनच थर.

नाटकाला स्क्रिप्ट नको, बऱ्याच जणांना वाचता येत नाही. मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्याची, नक्कल करा म्हणायचं, बघा कसे सुटतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीतच नाटक केलं आणि सर्कसवाले विष्णुपंत छत्रे इथल्याच अंकलखोपचे, हेही सांगा, पोरांना भारी वाटतं.

शो फेब्रुवारीतच उरका, मार्चात टोळी कधी हलेल नेम नाही.