डिस्कव्हरी रात्रीतून खाली बसत असेल तर कॉम्प्रेसर घेण्याआधी लीक शोधा

माझ्याकडे लँड रोव्हर डिस्कव्हरी 4 आहे, हवेच्या सस्पेंशनवाली, सेकंडहँड घेतलेली, पहिला मालक मुंबईचा. मागच्या पावसाळ्यात पेंचकडून परत येताना देवलापारच्या पुढे डॅशबोर्डवर मेसेज आला की सस्पेंशन फॉल्ट, स्पीड 50 च्या आत ठेवा. हळूहळू करत मनीषनगरला घरी आलो आणि सकाळी पाहतो तर गाडी चारही बाजूंनी बसलेली, टायर अर्धे आत गेलेले. मेकॅनिकला बोलावलं, तो म्हणाला भाऊ चारही बाजू बसल्या म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसरच गेला, दुसरं काही नाही. बदलला. बारा दिवस गाडी मस्त उभी राहिली आणि तेराव्या दिवशी परत तेच. शेवटी लीक निघाला पुढच्या डाव्या स्ट्रटमध्ये. कॉम्प्रेसरचे पैसे वाचू शकले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिलो. डिस्कव्हरी 3, डिस्कव्हरी 4 आणि त्याच काळातली जुनी रेंज रोव्हर स्पोर्ट, तिघींचं सस्पेंशन जवळपास सारखंच आहे.

आधी सिस्टम समजून घ्या, मोजकंच आहे. चार चाकांवर चार एअर स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती हवेची रबरी बॅग. डाव्या मागच्या चाकाच्या पुढे चेसीला लागून एका बॉक्समध्ये कॉम्प्रेसर, हवेची एक टाकी, हवेची वाट उघडबंद करणारे तीन वॉल्व्ह ब्लॉक (पुढच्या चाकांचा, मागच्या चाकांचा, टाकीचा), सगळीकडे 6 एमएमचे प्लास्टिकचे पाइप, आणि प्रत्येक चाकाजवळ एक हाइट सेन्सर जो ईसीयूला (सस्पेंशन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगतो की हा कोपरा किती उंच आहे. टाकीत प्रेशर 16 बारच्या आसपास असतं. आपल्या टायरमध्ये 2 ते अडीच बार असतं, त्यावरून अंदाज घ्या, आणि पाइप उघडताना डोळ्यांवर चष्मा लावाच.

आता चारही बाजू का बसतात ते. गाडी बंद करून उभी केली तरी ईसीयू अधूनमधून जागा होतो आणि गाडी लेव्हलमध्ये आहे का ते पाहतो. इंजिन बंद असलं की कॉम्प्रेसर चालत नाही, म्हणजे खाली गेलेला कोपरा उचलायची सोय नाही, मग ईसीयू बाकीच्या तीन कोपऱ्यांची हवा सोडून त्यांना खालच्या कोपऱ्याच्या बरोबरीला आणतो, परत काही तासांनी तेच, आणि असं करत करत एका कोपऱ्याच्या बारीकशा लीकमुळे सकाळपर्यंत अख्खी गाडी जमिनीला टेकते. पाहणाऱ्याला वाटतं चारही गेले. आणि रोज सकाळी रिकाम्या बॅगा भरता भरता कॉम्प्रेसर तापतो, जास्त तापला की स्वतःहून बंद पडतो, मग फॉल्ट येतो. कॉम्प्रेसर मरतो हे खरंच आहे, पण बहुतेक वेळा त्याला लीकनेच मारलेलं असतं. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना, 45 डिग्रीत डांबरावर उभी गाडी, कॉम्प्रेसरला थंड व्हायला जागाच नाही.

म्हणून पहिली टेस्ट फ्यूजची. गाडी सपाट जागेवर नॉर्मल हाइटला उभी करा, तास दोन तास थंड होऊ द्या कारण गरम हवा थंड झाली की आकसते आणि गाडी तेवढ्यानेही थोडी खाली येते, तो लीक नव्हे. मग एअर सस्पेंशनच्या ईसीयूचा फ्यूज काढा (नंबर मॅन्युअलच्या फ्यूज चार्टमध्ये पाहा, मॉडेलप्रमाणे बदलतो). फ्यूज काढला की सगळे वॉल्व्ह बंदच राहतात आणि चारही कोपरे एकमेकांपासून तुटतात. आता प्रत्येक चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, एमएममध्ये, मास्किंग टेपवर लिहून तिथंच मडगार्डला चिकटवा. रात्रभर ठेवा. माझ्या गाडीला फ्यूज असताना चारही कोपरे बसत होते, फ्यूज काढल्यावर सकाळी तीन कोपरे दोन-तीन एमएम खाली आणि पुढचा डावा 38 एमएम खाली. तिथंच सगळं कळलं, एकही नट न खोलता.

ही टेस्ट एकदा नॉर्मल हाइटला आणि एकदा ऑफरोड हाइटला (नॉर्मलपेक्षा उंच) करा, माझं ऐका. रबर जिथं दुमडतं तिथंच चीर पडते, आणि गाडी वर-खाली झाली की दुमडीची जागा सरकते, त्यामुळे काही चिरा एका हाइटला बंद राहतात आणि दुसऱ्या हाइटला सुसाट गळतात. नॉर्मलला पास झाली म्हणून सोडून दिलं आणि मग उमरेड-कऱ्हांडल्याच्या रस्त्यावर गाडी उचलली की फसले.

एकही कोपरा बसत नाही पण सकाळी सुरू केल्यावर कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरत राहतो, तर लीक टाकीत किंवा टाकीच्या पाइपात शोधा.

कोपरा सापडला की साबण. भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी, स्प्रेच्या बाटलीत, घट्टसर. लोक दोन मिनिटं मारून बघतात, मोठा फेस नाही दिसला की म्हणतात लीक नाही. रात्रीतून 38 एमएम बसवणारा लीक फार बारीक असतो हो, त्याला वेळ द्यावा लागतो. स्ट्रटचा खालचा रबरी बूट सरकवा, टॉर्च लावा, दुमडीत खालून वर स्प्रे मारा आणि पाच मिनिटं नुसतं पाहत बसा. आम्ही रात्री अकराला पाहत होतो, रस्त्यावरचा आवाज थांबल्यावर. मला काहीच दिसत नव्हतं, भाचा टॉर्च धरून होता तो म्हणाला, "मामा, इथंच साबण हलून काहून राहिला?" नीट पाहिलं तर दुमडीच्या आत मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे बुडबुडे, एकाला लागून एक, हळूहळू वाढून राहिले होते. आजूबाजूला काळी माती वाळून दगडासारखी झालेली. पावसाळ्यात ही माती दुमडीत शिरते, वाळते आणि गाडी वर-खाली झाली की रबर घासते. तेव्हापासून चिखलातून आलो की त्याच दिवशी आतून पाणी मारतो, हलक्या प्रेशरने.

बॅगेला बुडबुडे नसतील तर स्ट्रटच्या डोक्यावरचा पाइपचा जॉइंट, मग वॉल्व्ह ब्लॉकवरचे जॉइंट, मग पाइप जिथं चेसीला घासतो त्या जागा. कुठंच काही नाही आणि कोपरा तरी बसतो, तर वॉल्व्ह ब्लॉक आतून सोडतोय असं धरा. पाइप घासून फाटला असेल तर नशीब चांगलं आहे, हिंगणा एमआयडीसीकडच्या न्यूमॅटिकच्या दुकानात 6 एमएमचा पुश-फिट जॉइंट घ्या, खराब तुकडा कापा, जोडा, झालं.

स्ट्रटच असेल तर बदलायलाच लागतो. पंक्चरवाल्यासारखे पॅच लावणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका, ती जागा सतत दुमडते आणि पॅच टिकत नाही. आणि एका बाजूचा गेला तर दुसरा त्याच वयाचा आहे, जमत असेल तर जोडीनेच बदला.

फक्त हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका. ही गाडी अडीच टनांच्या वर आहे आणि ईसीयूला वाटलं तर विचारत नाही, खाली येते. गाडी ऑफरोड हाइटला घ्या, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावा, चेसीखाली जॅक आणि मग मजबूत स्टँड. दार उघडं ठेवा म्हणजे लेव्हलिंग थांबतं, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. चाक काढल्यावर स्ट्रटच्या डोक्यावरचा पाइपचा नट अर्धा आटा फिरवा आणि थांबा, सूं करून हवा जाऊ द्या, आवाज पूर्ण बंद झाल्यावरच पुढे खोला. गॅप कंपनीचं आयआयडी टूल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) असेल तर त्याने कोपरा आधीच रिकामा करता येतो, ते जास्त चांगलं.

मग पुढच्या बाजूचं काम असं: स्टॅबिलायझरची लिंक, हाइट सेन्सरची दांडी, एबीएसची वायर मोकळी, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडा, आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लटकू देऊ नका. मग स्ट्रटचा खालचा बोल्ट, शेवटी वरचे नट. खालचा बोल्टच खरा त्रास देतो. नागपूरच्या कोरड्या हवेत गंज कमी, पण माझी गाडी मुंबईची, बोल्ट बुशमध्ये (बोल्टभोवतीच्या रबरी नळीत) जाम. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, तेवढ्याने माझा एक निघाला, दुसरा कापावा लागला. म्हणून नवे बोल्ट-नट आधीच आणून ठेवा.

नवा स्ट्रट बसवताना पाइपचं टोक ब्लेडने सरळ काटकोनात चार-पाच एमएम कापा, पक्कडने दाबून कापलं की टोक चपटं होतं आणि नवाकोरा स्ट्रट जॉइंटमधून गळतो. पाइप आत जाईल तितका पूर्ण दाबा, मग नट हलक्या हाताने कसा, पितळेचा आहे. रबर बुशमधून जाणारे बोल्ट चाक लटकत असताना फायनल टाइट करू नका, गाडी नॉर्मल हाइटला आल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा, नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

ह्यानंतरची पायरी लोक चुकतात आणि नवी बॅग त्याच दिवशी फाडतात. रिकाम्या बॅगेवर गाडीचं वजन टाकायचं नाही, दुमड चुकीची बसते. आणि चाक लटकत असताना इंजिन सुरू केलं तर सेन्सरला वाटतं कोपरा खूप वर आहे, मग ईसीयू हवा भरतच नाही. तेव्हा चाक लावा, स्टँड काढा, गाडी जॅकवर हळू खाली आणा, कोपरा नॉर्मलपेक्षा थोडा खाली येईल इतकीच, पण वजन जॅकवरच राहू द्या. बॅटरी, फ्यूज लावा, सगळी दारं आणि डिकी बंद, इंजिन सुरू, ऑफरोड हाइट. बॅग भरत गेली की गाडी स्वतः जॅकवरून उठते. टूल असेल तर त्यातूनच भरा.

कॉम्प्रेसरचं सांगतो. लीक बंद केल्यावर आधी तो चालवून पाहा, बऱ्याचदा ठीक असतो. त्याच्या ड्रायरमधले, हवेतला ओलावा शोषणारे सिलिकाचे दाणे मात्र ओले होतात, ते बदला, आणि रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) तर नवीनच टाका कारण रिले चिकटला की कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. जुना हिताची कंपनीचा कॉम्प्रेसर काढून एएमके कंपनीचा टाकत असाल तर ईसीयूचं सॉफ्टवेअरही अपडेट करावं लागतं, हे दुकानदार सांगत नाही.

शेवटी जॉइंटवर परत साबण, दोन्ही हाइटला. फॉल्ट कोड काढा, व्हील अलाइनमेंट करा, आणि फ्यूज काढून टेपवाली टेस्ट परत एक रात्र. माझ्या पुढच्या डाव्याला सकाळी 2 एमएमचा फरक आला. टेप अजून मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो आणि भाचा खाली तारीख लिहितो.