ट्रिप्सिन लावण्याआधी: सेल कल्चरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, लावतात. फ्लास्कमधली पेशी दोन बाजूंनी धरून बसलेली असते. शेजारणीला ती कॅडहेरिन या प्रथिनाने धरते, खालच्या थराला इंटिग्रिन या प्रथिनाने. कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, इंटिग्रिनला मुख्यतः मॅग्नेशियम किंवा मँगनीज. ट्रिप्सिनच्या बाटलीत ईडीटीए हे धातूचे आयन पकडणारं रसायन घातलेलं असतं ते म्हणूनच. ते हे आयन ओढून घेतं आणि मग ट्रिप्सिनचं काम सोपं होतं. कॅल्शियम जागेवर असेल तर कॅडहेरिन ट्रिप्सिनला दाद देत नाही. जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांना कॅडहेरिन सापडलं ते याच निरीक्षणाच्या मागावर.

म्हणून पीबीएस (धुण्यासाठीचं क्षारद्रावण) घ्यायचं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलंच. टी-25 फ्लास्कमधलं (25 चौरस सेंमी तळाचा) मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, पूर्ण काढा आणि पीबीएसने दोनदा धुवा. इथे घाई नको. मीडियममध्ये घातलेल्या सीरममध्ये (रक्तद्रवात) अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे ट्रिप्सिनला रोखणारं प्रथिन असतं, ते थोडं जरी उरलं तरी ट्रिप्सिन मंदावतं. मग 0.25 टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए 1 मिली घाला, 37 अंशांवर ठेवा आणि दोन मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी गोल होऊन चमकू लागल्या की फ्लास्कच्या कडेला हलकी टिचकी पुरते. सीरमचं मीडियम 2 ते 3 मिली घालून ट्रिप्सिन थांबवा. सीरमविना कल्चर असेल तर सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर लागतो, नुसतं मीडियम घालून ट्रिप्सिन थांबत नाही.

वेळ पेशींवर ठरते, घड्याळावर नाही. एचईके-293 या पेशी इतक्या सैल बसतात की पीबीएस थेट अंगावर ओतलं तरी सुटून येतात, त्यामुळे ते समोरच्या भिंतीवरून सोडा. एमडीसीके आणि काको-2 या पेशींचा थर दाट भरलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटंही लागतात. सुटत नाहीत म्हणून फ्लास्क आपटला की पेशी एकेकट्या न येता पापुद्र्यासारख्या निघतात आणि मोजणी चुकते. फार वेळ ठेवल्या तर काही मरतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि चिकट, दोऱ्यासारख्या गुठळ्या होतात. पुष्कळ जण याला फंगस समजून घाबरतात. पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याची पद्धत) बघायची असतील, तर ट्रिप्सिन नकोच, कारण ते तीच कापून टाकू शकतं. नुसतं ईडीटीए किंवा अॅक्युटेज हे सौम्य एन्झाइम-मिश्रण वापरा.

आता उलट बाजू, म्हणजे चिकटणं. इंटिग्रिन प्लास्टिकला सहसा थेट धरत नाही. कल्चरचं प्लास्टिक प्रक्रिया करून पाणी धरणारं केलेलं असतं, त्यावर सीरममधली व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं बसतात आणि इंटिग्रिन त्यांना पकडतं. फायब्रोनेक्टिनमधली आर्जिनिन-ग्लायसिन-अॅस्पार्टिक आम्ल ही अमिनो आम्लांची तिकडी म्हणजे इंटिग्रिनची पकडण्याची जागा, हे 1984 मध्ये समजलं. बॅक्टेरियाच्या साध्या पेट्री डिशच्या प्लास्टिकवर ती प्रक्रिया केलेली नसते, म्हणून तिथे पेशी तरंगत राहतात.

प्लास्टिकवर लावायचं कोटिंग निवडताना पॉली-लायसिन स्वस्त म्हणून उचलू नका. ते धनभाराने पेशीला ओढतं, त्यात इंटिग्रिनचा सहभाग नसतो. इंटिग्रिनचाच अभ्यास असेल तर तो प्रयोग वाया गेलाच म्हणून समजा. शिवाय ते नीट धुतलं नाही तर पेशींना विषारी ठरतं. मॅट्रिजेल हे प्रथिनांचं तयार कोटिंग वापरणार असाल तर ते रात्रभर 4 अंशांवर, बर्फात वितळवा. टिपा आणि प्लेटही गार हव्यात, नाहीतर पिपेटमध्येच त्याची जेली होते.

चिकटण्याची साधी चाचणी करायची तर 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटला फायब्रोनेक्टिन 10 मायक्रोग्रॅम प्रति मिली लावा आणि तासाभराने 1 टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ब्लॉक करा, म्हणजे उरलेली मोकळी जागा झाकून टाका. ट्रिप्सिन थांबवून धुतलेल्या पेशी सीरमविना मीडियममध्ये अर्धा तास सावरू द्या, मगच घाला. 30 ते 60 मिनिटांनी धुऊन चिकटलेल्या पेशी फिक्स करा, म्हणजे जागच्या जागी पक्क्या करा, आणि क्रिस्टल व्हायोलेट हा रंग लावून तो मोजा. नुसतं बीएसए लावलेले काही वेल हवेतच. तिथेही रंग चढला तर ब्लॉकिंग कच्चं राहिलं आहे. धुताना टिप वेलच्या भिंतीला टेकवा. प्लेटच्या फक्त एका बाजूचे आकडे सातत्याने कमी येत असतील तर आधी धुण्याच्या जोराकडे बघा, फायब्रोनेक्टिनकडे नंतर.