ससूनमध्ये इंटर्नशिप करताना

एमबीबीएस संपवून पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप सुरू करत असाल, तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. बाहेरच्या दवाखान्यात पेशंट हाताबाहेर जातोय असं वाटलं की 'ससूनला न्या' म्हणता येतं. इथे तसं म्हणता येत नाही. दौंडहून रेल्वेने आलेला, वेल्ह्याहून १०८ मधून आलेला, तीन ठिकाणी फिरून पैसे संपलेला, सगळे शेवटी आपल्याकडेच येतात.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये हे रुग्णालय उभं राहिलं. शेजारचं बी. जे. मेडिकल कॉलेज १८७८ मध्ये मेडिकल स्कूल होतं, १९४६ मध्ये कॉलेज झालं. गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन १९२४ च्या जानेवारीत इथेच झालं, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगेलच.

शिकायला सगळ्यात जास्त मिळतं ते कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. पावसाळ्यात मुळशी, भोरकडून सर्पदंशाचे पेशंट येतात. रक्त गोठतंय का हे बघायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग हळूच तिरकी करून बघायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष धरून सीनियरला ताबडतोब सांगायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर विष नसतानाही रक्त न गोठल्यासारखं दिसतं, म्हणून नळी स्वतः बघून घ्या. आणि गोठलं म्हणून निर्धास्त होऊ नका; मण्यारचं विष रक्तावर नाही, नसांवर जातं. मण्यार चावल्याची खूण कधीकधी सापडतच नाही. शेतात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणतो आणि पापण्या जड व्हायला लागतात. त्याला डोळे वर करायला सांगा, मान उचलायला सांगा, दर थोड्या वेळाने परत सांगा.

वॉर्डातलं काम वेगळं. रक्ताचं कलेक्शन, क्रॉसमॅचची (द्यायचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतंय का हे बघायची) सॅम्पल्स, रिपोर्टच्या मागे धावणं. मुलं याला हमाली म्हणतात, मला ते पटत नाही. रिपोर्ट वेळेत आला तर ऑपरेशन आजच्या लिस्टवर लागतं, नाहीतर नातेवाईक आणखी चार दिवस व्हरांड्यात झोपतात. सिस्टर आणि मावशींशी नीट बोला; कोणता पेशंट रात्रभर कण्हत होता हे त्यांना आधी कळतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणारा माणूस, कुठे बसतो आणि समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. इम्प्लांट लागणार असं दिसलं की रेशनकार्ड, आधार गावाहून मागवायला त्याच संध्याकाळी सांगा.

डिस्चार्जच्या वेळी मात्र घाई करू नका. इन्सुलिन लिहून दिलं तर घरी फ्रिज आहे का विचारा. नसेल तर बाटली घट्ट पिशवीत गुंडाळून ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवायची, पाण्यात बुडवायची नाही, हे त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. अक्षर न येणाऱ्या आजींना सकाळच्या गोळीच्या पट्टीवर सूर्य आणि रात्रीच्या पट्टीवर चंद्र काढून द्या. पेन खिशात असतंच.