मिंटवर एमएस ऑफिस चालवायचं कसं, तेही मराठी फाइली न मोडता

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, म्हणून चांगल्या चालत्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत तर उत्तम केलंत. लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस त्यात आधीपासून असतंच आणि पत्रं, बिलं, साधे हिशोब याला ते पुरतं. अडतं कुठे, तर सोसायटीच्या मेंटेनन्सची किंवा शाळेच्या निकालाची मॅक्रोवाली (म्हणजे कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम आत असलेली) एक्सेल आली की, कारण व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेले सगळे मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालत नाहीत.

आधी ब्राउझरमधलं फुकटचं ऑफिस बघून घ्या. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, बाकी काही इन्स्टॉल करायचं नाही. मॅक्रो तिथे चालत नाहीत, पण फाइल एडिट करून सेव्ह केली तर आतले मॅक्रो उडतही नाहीत, त्यामुळे नुसते आकडे भरून फाइल परत पाठवायची असेल तर तुमचं काम इथेच झालं, पुढचा खटाटोप करूच नका.

मॅक्रो चालवायचेच असतील आणि ऑफिस २०१० ची जुनी सीडी व की कपाटात असेल तर वाइन, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं फुकटचं साधन. नवीन सबस्क्रिप्शनवालं ऑफिस वाइनमध्ये घालायच्या मागे लागू नका, इन्स्टॉल आणि साइन-इनमध्येच जीव जातो. २०१० मात्र छान चालतं, अट एकच, ३२ बिटवालं घ्यायचं.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून वाइन-इन्स्टॉलर आणि वाइनट्रिक्स (वाइनची जुळवाजुळव सोपी करणारं साधन) घ्या, आणि सिनॅप्टिक या मिंटमधल्याच दुसऱ्या पॅकेज मॅनेजरमधून विनबाइंड नावाचं पॅकेज नक्की घ्या, ते नसेल तर ऑफिसचा सेटअप अडून बसतो आणि कारण काही केल्या कळत नाही. मग वाइनट्रिक्स उघडून नवीन वाइनप्रिफिक्स बनवा, आर्किटेक्चर ३२, नाव काहीही. प्रिफिक्स म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हची एक स्वतंत्र नक्कल, ऑफिससाठी वेगळी ठेवली की दुसऱ्या सॉफ्टवेअरची तिच्यात लुडबुड होत नाही. त्यात डीएलएलच्या (विंडोजच्या सहायक फाइलींच्या) यादीतून रिचएड२० आणि एमएसएक्सएमएल६ टाका (रिचएड नसेल तर पॉवरपॉइंट रडतं), आणि मग तिथूनच ऑफिसचा सेटअप रन करा. सेटअपमध्ये सरळ इन्स्टॉल नाही, कस्टमाइझ दाबा आणि अ‍ॅक्सेस, आउटलुक काढून टाका, वाइनमध्ये त्रास देणारे मुख्यतः हेच दोघं.

आता फॉन्ट, आणि मराठी माणसाचं खरं दुखणं इथेच आहे. समजा एका पानाचं मंगल फॉन्टमधलं पत्र आलंय. मंगल मिंटमध्ये नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येतो, अक्षरं नीट दिसतात, पण मंगलच्या ओळी भरपूर उंच असतात आणि बदली फॉन्टच्या तशा नसतात, त्यामुळे सगळा मजकूर वर सरकतो, सहीची जागा हलते, तक्ता भलत्याच पानावर फुटतो. तुम्ही पत्र नीट करून परत पाठवता आणि समोरच्याच्या विंडोजवर तेच पत्र दोन पानांचं होतं! म्हणून जिथून फाइली येतात तिथला फॉन्टच आपल्याकडे पाहिजे. मंगल विंडोजच्या लायसन्ससोबत येतो, ते लायसन्स काय मुभा देतं ते बघून घ्या. नाहीतर दोन्हीकडच्यांनी मिळून नोटो सान्स देवनागरीवर यावं, तो फुकट आहे आणि विंडोजवरही बसतो. फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून मिंटमध्ये इन्स्टॉल केला की वाइनलाही दिसतो. कृतीदेव किंवा शिवाजीमधली जुनी फाइल असेल तर ती युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीच, फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तिथे तोच फॉन्ट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या.

टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टचा (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डचा) लेआउट जोडा. हा लेआउट थेट सिस्टिमचा असल्याने वाइनमध्येही बिनतक्रार चालतो, फोनेटिकवाल्या इनपुट पद्धती मात्र कधी चालतात कधी रुसतात.

एक गोष्ट कृपया टाळू नका. ऑफिस २०१० चे सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२० मध्येच बंद झालेत, आणि वाइन मुळात झेड ड्राइव्ह म्हणून तुमची पूर्ण फाइल सिस्टिम ऑफिसला दाखवतं, म्हणजे वाईट मॅक्रो आला तर तो तुमच्या घरच्या फोटोंपर्यंत पोचू शकतो. इन्स्टॉल झालं की वाइनसीएफजी (वाइनच्या सेटिंगची खिडकी) उघडा, ड्राइव्हच्या टॅबमध्ये झेड काढा, डी नावाने एकच कामाचा फोल्डर जोडा, आणि डेस्कटॉप इंटिग्रेशनमध्ये डॉक्युमेंट्स वगैरेच्या लिंक आहेत त्याही तोडा. यापुढे फाइल आधी त्या फोल्डरमध्ये टाकून मगच उघडायची, एवढी सवय करावी लागेल. आणि अनोळखी मेलमधली मॅक्रो फाइल इथे अजिबात उघडू नका.

नवीनच ऑफिस हवं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे मिंटच्या आतच एक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात विंडोज ११ आणि ऑफिस टाकायचं. आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, म्हणजे लॅपटॉपमध्ये ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर हा रस्ता धरू नका. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षा चिप व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून त्याच्यातच मिळते. हे आभासी मशीन वेगळा कॉम्प्युटर धरलं जातं, त्यामुळे विंडोजचं लायसन्सही वेगळं लागतं, तो खर्च आधी धरा. आतल्या विंडोजमध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) टाकल्या की शेअर्ड फोल्डर मिळतो, आणि उजवा कंट्रोल व एल दाबलं की एक्सेलची खिडकी मिंटच्या डेस्कटॉपवरच येते.

वाइनवाल्यांनी सगळं जमलं की लगेच बॅकअप घ्यायचा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबा, डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात वाइनप्रिफिक्सेस, तिथला आपल्या नावाचा फोल्डर पूर्ण कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवा, फक्त पेनड्राइव्हचा फॉरमॅट एक्सएफएटी किंवा फॅट असेल तर आधी त्या फोल्डरची tar.gz फाइल करा, नाहीतर आतल्या लिंक कॉपी होत नाहीत.