रोबोटला घरातल्या पोरासारखं बोलायला कसं शिकवायचं

रोबोटला मराठी शिकवायची म्हटलं की बहुतेक जण आधी शब्दांची यादी करायला बसतात, वाटी म्हणजे हा फोटो, चमचा म्हणजे तो फोटो, आणि शेकडो फोटो टाकून झाले की रोबोट शिकला असं धरून चालतात. कुठलंच पोरगं असं शिकत नाही. ते आधी आईच्या तोंडाकडं बघतं, मग आई जिकडं बघते तिकडं बघतं, शब्द त्याच्या मागनं येतात. हाच क्रम रोबोटला लावला तर कमी सामानात घरच्या घरी लय चांगलं काम होतंय, आणि इंजिनिअरिंगच्या पोरांनी दरवर्षी तीच लाइनवरनं पळणारी गाडी करण्यापेक्षा हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कल्पना जुनीच आहे. ॲलन ट्युरिंगनं १९५० सालीच लिहून ठेवलंय की मोठ्या माणसाचं डोकं बनवण्यापेक्षा लहान मुलाचं बनवा आणि त्याला शिकवा, वस्तू दाखवून नाव सांगा. पुढं अमेरिकेतल्या एमआयटीत सिंथिया ब्रीझील यांनी किस्मेट नावाचं भुवया उडवणारं, कान हलवणारं रोबोटचं डोकं बनवलं, इटलीत जिनोव्हाला लहान मुलाच्या मापाचा आयकब तयार झाला, १०४ सेंटिमीटर उंच आणि ५३ ठिकाणी हलणारा. आपल्याला एवढं काही लागत नाही, मान वळवणारा एक कॅमेरा पुरतो.

सामान सांगतो. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ (हा एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय' म्हणतोय), यूएसबी वेबकॅम, दोन छोट्या सर्व्हो मोटर (सांगितल्या कोनात वळून थांबणाऱ्या, एक डावीउजवीकडं वळायला, एक वरखाली), माइक आणि स्पीकर. सर्व्होला पायच्या बोर्डवरनं करंट घेऊ नका, वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या आणि दोन्हीचा ग्राउंड तेवढा जोडा, नाहीतर मान वळली की बोर्ड रिस्टार्ट होतोय. सांगाडा सनबोर्डचा करा, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर पत्र्याची पट्टी वाकवून घ्या. माइक मोटरपासनं लांब ठेवा, आणि पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असेल त्या दिवशी रेकॉर्डिंग करूच नका, सगळं वाया जातंय.

कॅमेरा टेबलावर नको, खाली सोप्यात जमिनीवर ठेवा. लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी अमेरिकेत नुकत्याच चालायला लागलेल्या पोरांच्या डोक्याला छोटे कॅमेरे लावून बघितलं. आपल्याला खोलीभर पसारा दिसतो, पण पोराला बऱ्याच वेळा हातातली एकच वस्तू सगळी नजर भरून दिसते, आणि नेमकं त्या वेळी सांगितलेलं नाव त्याच्या डोक्यात बसतं. म्हणून वस्तू कॅमेऱ्याच्या जवळ धरायची, एका वेळी एकच, जरा हलवायची आणि मग बोलायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि घाईत लोक हेच सोडून देतात. शब्द शिकवायच्या आधी रोबोटला नजर शिकवा. मीडियापाइप नावाची फुकट लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आहे, ती कॅमेऱ्यातनं चेहरा आणि हात ओळखते, हाताचे २१ बिंदू देते, त्यात तर्जनीचं मूळ ५ नंबरला आणि टोक ८ नंबरला. या दोन बिंदूंतनं रेघ काढायची, पुढं वाढवायची आणि मान त्या दिशेला वळवत जायचं, रेघेवर पहिली वस्तू आली की थांबायचं. मग एक-दोन सेकंद वस्तूकडं बघून परत माणसाच्या चेहऱ्याकडं वळायचं. हे परत वळणं विसरू नका. पोरगं साधारण नऊ महिन्यांपासनं वर्षाचं होईपर्यंत हे शिकतं, वस्तू बघितली, आईकडं बघितलं, परत वस्तू, म्हणजे आपण दोघं एकच गोष्ट बघतोय याची खात्री करणं. बोटाचं जमलं की मग नुसत्या चेहऱ्याच्या दिशेवरनं करून बघा, ते अवघड आहे, सुरुवातीला डावीकडं-समोर-उजवीकडं एवढं ओळखलं तरी पुरे.

एवढं कशासाठी? तर तुम्ही वाटीकडं बघून वाटी म्हणताय आणि रोबोट त्या वेळी पंख्याकडं बघतोय, तर त्याच्या हिशोबात पंखा म्हणजे वाटी होणार. पोरांचं तसं होत नाही. डेअर बाल्डविन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की दीड वर्षाचं पोरगं स्वतःच्या खेळण्याशी खेळत असताना मोठ्या माणसानं दुसऱ्याच खेळण्याकडं बघून नाव घेतलं, तर ते मान वर करून माणसाची नजर बघतं आणि नाव त्या दुसऱ्या खेळण्यालाच लावतं. रोबोटमध्ये नियम तोच घाला, आवाज आला की आधी बोलणाऱ्याचा चेहरा शोध, तो कुठं बघतोय ते बघ, तिथली वस्तू धर.

आता शब्द. वस्तूंसाठी मोबाइलनेटसारखं फोटोतली वस्तू ओळखणारं तयार नेटवर्क घ्या पण त्यानं दिलेलं नाव टाकून द्या, वस्तू कशी दिसते ते त्यानं ज्या आकड्यांत मांडलेलं असतं ते आतले आकडे तेवढे घ्या आणि सारखे आकडे एका गटात टाका. गटाला नाव नाही, नुसता नंबर. बोलण्यासाठी व्हिस्पर नावाचं आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल चालतं, त्याला मराठी येतं, पण पायवर त्याचं लहान मॉडेलच धावतं आणि ते मराठीत चुका करतं, म्हणून आवाज घरातल्या लॅपटॉपवर पाठवून तिथं मोठं मॉडेल चालवा. आलेला मजकूर अधूनमधून डोळ्यांनी तपासा, कारण आपलं 'कुठाय', 'दे की' असलं बोलणं ते कधी कधी छापील मराठीत बदलून टाकतं. आपल्याकडं कितीतरी बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात ते सुधारत बसू नका, रोबोट ज्या घरात शिकतोय त्या घराची भाषा तीच आहे.

मग एक तक्ता करा. आडव्या ओळीत ऐकलेले शब्द, उभ्या रकान्यात वस्तूंचे गट. बोलणं सुरू व्हायच्या एक-दोन सेकंद आधीपासनं ते संपल्यावर दोन-तीन सेकंदांपर्यंत जी वस्तू दोघांच्या नजरेत होती, तिच्या रकान्यात त्या वाक्यातल्या सगळ्या शब्दांना एकेक मार्क. समजा 'वाटी' २० वेळा आली आणि त्यातल्या १६ वेळा समोर ३ नंबरचा गट होता, तर १६ भागिले २०, म्हणजे ०.८. 'बघ' ६० वेळा आलं, त्यात ३ नंबर १५ वेळा, म्हणजे ०.२५. 'बघ', 'ही', 'की' सगळीकडंच येतात म्हणून कुठल्याच रकान्यात वर येत नाहीत, वाटी मात्र येते, आणि तुम्ही कुणालाही काही सांगितलेलं नसतं. स्मिथ आणि यू यांनी २००८ साली दाखवलं की १२ आणि १४ महिन्यांची पोरंसुद्धा अशी अनेक प्रसंग जोडून जोडून अर्थ काढतात.

मराठीत इथं एक अडचण येते, इंग्रजीवरनं लिहिलेल्या कोडमध्ये ती धरलेली नसते. वाटी, वाटीत, वाटीला, वाट्या. चमचा, चमच्यानं, चमचे. तक्त्यात हे सगळे वेगवेगळे शब्द म्हणून बसतात आणि मार्क विखुरतात. पण नुसत्या सुरुवातीच्या अक्षरांवरनं एकत्र केले तर वाट आणि वाटी एक होतील. म्हणून दोन अटी घाला, सुरुवात सारखी हवी आणि जास्त मार्क असलेला गटही तोच हवा, दोन्ही जमलं तरच जोडा. याच्यावर वेळ घालवा, फळ मिळतंय.

नवीन शब्द पटकन बसायला अजून एक नियम. समोर वाटी आणि पायताण ठेवलंय, वाटी माहीत आहे आणि तुम्ही 'पायताण दे' म्हणालात, तर नवीन शब्द अनोळखी वस्तूला लाव. पोरं हे करतात, पण नियम फार घट्ट ठेवू नका, नाहीतर वाटीला भांडंही म्हणतात हे त्याला कधीच कळणार नाही.

नावं शिकायला एवढं खरंच पुरतं का, तर बऱ्यापैकी पुरतं. २०२४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या वाय कीन वोंग आणि ब्रेंडन लेक यांच्या टीमनं एका पोराच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याचं, सहा महिन्यांपासनं २५ महिन्यांपर्यंतचं, ६१ तासांचं रेकॉर्डिंग मॉडेलला दिलं आणि रोजच्या वस्तूंची कितीतरी नावं ते शिकलं. ६१ तास म्हणजे पोराच्या जागेपणाचा जेमतेम एक टक्का. पण ते मॉडेल कुणाला काही विचारू शकत नव्हतं, आपला रोबोट विचारू शकतो. वरच्यासारखा मार्कांचा भागाकार ०.४ ते ०.६ च्या मध्ये असला की त्यानं वस्तूकडं बघून 'वाटी?' म्हणायचं आणि गप्प बसायचं. हो म्हटलं की मार्क वाढवा, नाही म्हटलं की कमी करा. आणि उत्तराची वाट बघताना चेहऱ्याकडं बघत राहू दे. माणसं बोलताना एकाचं संपलं की दुसरा साधारण पाव सेकंदाच्या आत सुरू होतो, आपल्या मशीनला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, तेवढ्यात मान हलवली तर समोरचा वाट बघत बसतो, नाहीतर उठून जातो.

टीव्ही लावून ठेवून शिकेल का असं खूप जण विचारतात. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, समोर माणूस बसून खेळला त्या बाळांना त्यातले आवाज वेगळे ओळखायला आले, तेच टीव्हीवर दाखवलं त्यांना नाही आले. माणूस बसलाच पाहिजे.

आता माझं-तुझं. रोबोटशी सगळे 'तू' म्हणून बोलणार, म्हणजे त्याच्या तक्त्यात 'तू' म्हणजे तो स्वतः, आणि आजोबांनाही तो 'तू'च म्हणणार. यावर उपाय म्हणजे त्याला मधे बसवून दोघांना आपापसात बोलू द्या. आत्ती आजोबांना 'आबा, तुम्ही चहा घेताय का' म्हणते, आबा तिला 'तू घे' म्हणतात. इथं शब्दाबरोबर वस्तू नको, कोण बोललं आणि कुणाकडं बघून बोललं ही जोडी तक्त्यात घाला. असं बरेच दिवस ऐकल्यावर 'तू' हे नाव नाही, ऐकणाऱ्याप्रमाणं फिरणारी गोष्ट आहे हे मार्कांतच दिसायला लागतं, आणि 'तुम्ही' कुणाला लागतं तेही.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हा शेवटचा आणि अवघड भाग. १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी बाहुल्यांची एक सोपी परीक्षा वापरली, ती आपण घरी अशी करायची. आत्तीनं चेंडू डब्यात ठेवला आणि ती बाहेर गेली, भाचीनं तो पिशवीत टाकला, आता आत्ती आली की चेंडू कुठं शोधेल? साधारण चार वर्षांची मुलं डबा म्हणतात, त्याहून लहान मुलं 'पिशवी' म्हणतात. रोबोटमध्ये प्रत्येक माणसासाठी वेगळी यादी ठेवा, कुठली वस्तू कुठं आहे याची, आणि त्या माणसाचा चेहरा समोर आहे आणि नजर तिकडं आहे तेव्हाच त्याची यादी बदला. रोबोटच्या स्वतःच्या यादीत चेंडू पिशवीत, आत्तीच्या यादीत डब्यातच. एवढ्यावर रोबोटला मन कळलं असं कुणाला सांगू नका, पण 'आत्ती, चेंडू पिशवीत' हे आत्तीला सांगायचं आणि भाचीला सांगायची गरज नाही, एवढं त्याला ठरवता येतं, आणि ते खूप आहे.

घरात सतत कॅमेरा आणि माइक चालू राहणार, म्हणून घरच्या सगळ्यांना आणि येणाऱ्या पाहुण्यांनाही आधी विचारा, बंद करायचं बटण समोर लावा, मुलांचे आवाज बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर टाकू नका. तक्ता भरला की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं तरी चालतं.

तपासताना शिकवलेली वाटी नको, शेजारच्यांची आणा, शिकवलेला माणूस नको, दुसरा बसवा, आणि बोट न दाखवता नुसतं विचारा. या तिन्हीत टिकले तेच शब्द आले म्हणा. सगळं जमलं की रोबोट उचलून कागलला किंवा गडहिंग्लजला कुणाच्या घरी आठवडाभर ठेवा. तिथं जुना तक्ता पुसू नका, शेजारी नवा सुरू करा आणि कुठले शब्द दोन्हीत जुळतात ते बघा.