कूलंट ॲडिटिव्हने इंजिन खरंच थंड राहतं का? घाटात तपासून बघा

सपाट रस्त्यावर इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो ८२ अंशांचा असेल तर कूलंटमध्ये मिसळायच्या ॲडिटिव्हची बाटली ओता किंवा नका ओतू, आकडा ८५-९० च्या आसपासच राहणार. ॲडिटिव्हला वाव मिळतो तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर, म्हणजे भर उन्हात घाट चढताना. ॲडिटिव्हने पाण्याचा पृष्ठताण कमी झाल्याने सिलिंडर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) आतल्या तापलेल्या भिंतीवरचे वाफेचे बुडबुडे लवकर सुटतात. पण हा फायदा नुसत्या पाण्यात. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) असलेल्या कूलंटमध्ये तो जेमतेम उरतो.

तपासायचं तर डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच मधोमध खिळवलेला असतो. ओबीडी स्कॅनर लावा, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधून कूलंटचं तापमान अंशांत दाखवतो. निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा गोव्यातल्या केरीकडून चोर्ला घाट चढा: गिअर, वेग, वजन, दुपारची वेळ तीच, एसी बंद. आधी दोन फेऱ्या, बाटली ओतल्यावर दोन. दर फेरीचा सर्वांत मोठा आकडा आणि हवेचं तापमान लिहून ठेवा. एक-दोन अंशांचा फरक हवेचाच समजा. फ्लश (सिस्टीम धुणं), नवं कूलंट आणि बाटली एकाच दिवशी केलंत तर श्रेय फुकट बाटलीला जातं!

गाडी खरोखरच तापत असेल तर पैसे आधी इथे घाला.

रेडिएटरच्या जाळीत उसाच्या पाचटाचा भुसा आणि लाल धूळ बसते, विशेषतः एसीच्या कंडेन्सरमागे. इंजिनच्या बाजूने बाहेर हलकी धार सोडा. प्रेशरच्या पाण्याने पात्या वाकतात.

मग रेडिएटरचं झाकण. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. १.१ बार दाब धरणारं झाकण हा बिंदू वीसेक अंशांनी वर नेतं. रबर चिरलं की तो आधार गेला आणि घाटात उकळी आलीच.

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा. ८२ वाला त्याच सुमारास हलला नाही तर बदला.

बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. सहा लिटरच्या रिकाम्या सिस्टीमला तीन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणात पाणी नको. नुसता रेडिएटर सोडला तर जुनं पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं, ते हिशेबात धरा. हीटर फुल ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा चालेपर्यंत इंजिन आयडलवर ठेवा, हवा निघेल. पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडून पातळी भरा.